छताचा कठडा आणि तलावाची हद्द



अनुवादाच्या पुस्तकात, २२व्या अध्यायात, घर बांधणाऱ्या माणसासाठी एक आज्ञा आहे. नवं घर बांधलंत तर छताला कठडा घाला, नाहीतर वरून कुणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा भाग आला की मुलं हसतात. दहा आज्ञांच्या शेजारी हे नगर निगमाच्या नियमासारखं वाटतं त्यांना. आहेच ते तसं. घर आपलं, पैसा आपला, पण पडणारा माणूस दुसऱ्याचा असू शकतो, म्हणून देवाने छतापर्यंत लक्ष घातलं.

पावसाळ्याआधीचे हे दिवस इंदूरमध्ये घरकामाचे. कुणी वरचा मजला चढवतो, कुणी मागच्या अंगणात खोली काढतो, कुणी पोर्चमध्ये पेव्हर ब्लॉक बसवतो. आमच्या धर्मग्रामातली काही कुटुंबं शहराच्या पश्चिमेला, धार रोडच्या बाजूला राहतात. तिथे सिरपूरचा तलाव आहे आणि घराचं काम काढणाऱ्याला त्या तलावाचा नियम आज ना उद्या आडवा येतो.

सिरपूर हा होळकरांच्या काळात बांधलेला तलाव. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर ओढून शहरात आलं, आणि घरातल्या नळाला पाणी आल्यावर तलावाची आठवण कुणाला राहणार? गाळ, जलपर्णी, कचरा, कडेकडेने अतिक्रमण हे सगळं मागोमाग आलं. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी तो तलाव वर्षानुवर्षे राखला नसता, तर आज तिथे पक्षी मोजायला काही उरलं नसतं. (मोंढे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या मराठी मंडळींना याचा अभिमान आहे, पण तलावावर जाऊन आलेले त्यांच्यातले किती, हे विचारू नये.) २०२२ मध्ये १६१ हेक्टरचा सिरपूर आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर हे दोन्ही रामसर यादीत गेले. २०२४ चा जागतिक पाणथळ दिवस २ फेब्रुवारीला सिरपूरच्या काठावरच साजरा झाला. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही दोन शहरं ‘पाणथळ शहर’ म्हणून मान्य झाली. भारतात हा मान पहिल्यांदाच कुणाला मिळाला.

नाव मिळालं की नियमही आला. २०१७ च्या पाणथळ नियमांत रामसर यादीतल्या जागा सर्वांत आधी येतात. त्या बुजवून दुसऱ्या कामाला लावायच्या नाहीत, त्यांच्यात कचरा टाकायचा नाही, न शुद्ध केलेलं सांडपाणी सोडायचं नाही. आणि घरवाल्यांना थेट लागू होणारी गोष्ट अशी, की गेल्या १० वर्षांत पाण्याची जी सरासरी उच्च पूरपातळी दिसली, तिच्यापासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करायचं नाही. सूट आहे ती होडीच्या धक्क्याला.

नियमातला ‘उच्च पूरपातळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्लॉट दाखवतात मे महिन्यात. तेव्हा तलाव आत सरकलेला असतो, जमीन कोरडी, भेगाळलेली, वर मुलं क्रिकेट खेळतात. कॉलोनायझर हात लांब करून दाखवतो, ‘पाणी तर तिकडे आहे.’ ऑगस्टमध्ये तेच पाणी इकडे येतं. ही त्याची हक्काची जागा आहे, आणि नियम ती मेमध्ये न मोजता पावसाळ्यातल्या पाण्यावरून मोजतो. आम्हांला हा नियम शहाणपणाचा वाटतो. नीतिसूत्रांत पूर्वजांनी घातलेली हद्द सरकवू नये असं सांगितलं आहे, आणि तलावाची हद्द दर वर्षी पाऊसच आखून देतो.

पण या नियमावर रागावलेल्या लोकांचं म्हणणंही आम्ही ऐकलं आहे आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तलावापासून फार लांब नसलेला छोटा प्लॉट नोटरीच्या कागदावर घेतला. रजिस्ट्री नाही, डायव्हर्शन नाही, नकाशा पास नाही. नवरा-बायकोने आयुष्यभराची बचत त्यात घातली. आता मुलाच्या लग्नासाठी वर एक खोली हवी आहे, तर सगळे सांगतात, काम काढू नका, अडकाल. ज्याने ती जमीन तुकडे करून विकली तो मात्र कुठेच अडकलेला नाही. यशयाने घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर हाय हाय केली, ती अशा विकणाऱ्याला उद्देशून. एका खोलीसाठी तळमळणाऱ्या बाईला ती ऐकवणं आम्हांला जमणार नाही.

म्हणून आमचं मत असं. नियम सैल करू नये, पण त्याचा भार आधी विकणाऱ्यावर पडावा. आणि हद्द जमिनीवर दिसली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२४ ला राज्यांना सांगितलं की सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळ जागांची प्रत्यक्ष पाहणी करून सीमा आखा. देशात अशा जागा २,३१,१९५ आहेत. सीमा म्हणजे कार्यालयातला नकाशा नव्हे. रंगवलेले खांब हवेत, शंभर पावलांवरून दिसतील असे, म्हणजे मे महिन्यात हात लांब करून कुणी फसवू शकणार नाही. बिलावली, लिंबोदी, पिपल्यापाला यांना रामसरचं नाव नाही. तिथे तर खांबांची गरज जास्त.

पाण्याच्या जागेवर घाई केली की काय होतं ते या शहराने ३० मार्च २०२३ ला, रामनवमीला पाहिलं. पटेल नगरात बेलेश्वर महादेवाच्या मंदिरात जुन्या बावडीवर घातलेली स्लॅब खचली आणि पूजेला आलेली ३६ माणसं गेली. कोणत्या धर्माच्या जागेत झालं हा प्रश्नच नाही. बावडीवर झाकण घालून वर वापराची जागा करायची, हे आपल्याकडे सगळेच करतात. आमच्या काही प्रार्थनास्थळांच्या आवारातही गाड्या लावायला सगळी माती फरशीखाली गेली आहे, आणि पहिल्या सरीला पाणी रस्त्यावर धावतं. निर्गमाच्या पुस्तकात खड्डा उघडा टाकणाऱ्याला जबाबदार धरलं आहे. आपण खड्डा झाकून विसरणारे लोक आहोत.

तलावापासून दूर राहणाऱ्यांनी सुटलो असं समजू नये. मध्य प्रदेशात १४० चौरस मीटरहून मोठ्या प्लॉटवर छताचं पाणी जमिनीत मुरवण्याची सोय करणं बंधनकारक आहे. नकाशा पास होईपर्यंत ती सगळ्यांच्या कागदावर असते, नंतर त्या खड्ड्यावर गाडी उभी राहते. आणि जुनी फरशी उखडली, भिंत पाडली, की तो मलबा ट्रॉलीवाला कुठे नेतो हे विचारायला हवं. तो रात्री जवळच्या खोलगट जागेत रिकामा केला, तर आपल्या नव्या बाथरूमखातर दुसऱ्याच्या तलावाचा काठ दोन हात आत गेला. ठेकेदार म्हणेल, ‘तुम्ही काळजी करू नका.’ काळजी आपणच करायची आहे, कठड्याची आज्ञा घरमालकाला आहे, गवंड्याला नव्हे.

पुढच्या दोन रविवारी मिस्सानंतर आम्ही काही जण धर्मशिक्षणाच्या वर्गात थांबणार आहोत. कुणी प्लॉट घेणार असेल किंवा घराचं काम काढणार असेल, तर बयाणा देण्याआधी कागद घेऊन या. खसरा नंबर वाचायला आणि झोन ऑफिसला द्यायचा अर्ज लिहायला आमच्यातलेच दोघे निवृत्त कर्मचारी मदत करतील. फी नाही. चहा मात्र आपापला आणावा, गेल्या वेळी किटली पुरली नाही.