गोलांच्या रकान्यात न मावणारा ओकाझाकी

लेस्टर सिटीने 2015-16 मध्ये इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा जेमी व्हार्डीच्या नावावर 24 गोल होते आणि रियाद माहरेझच्या नावावर 17. व्हार्डीच्या जोडीने आघाडीला खेळणाऱ्या शिंजी ओकाझाकीच्या नावावर होते 5. लीगच्या 38 पैकी 36 सामन्यांत तो मैदानात उतरला आणि त्यातल्या बहुतेक सामन्यांत वेळ संपण्याआधीच त्याला बाहेर बोलावले गेले. फॉरवर्डची किंमत गोलांवरून करायची, हा आपला सरधोपट हिशेब. त्या हिशेबाने हा जपानी खेळाडू विजेत्या संघातला एक नशीबवान भिडू ठरतो. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. लेस्टरच्या विजेतेपदाच्या पायात ओकाझाकीचे काम आहे. ते मोजायला फुटबॉलच्या कागदावर रकाना नाही, एवढेच. क्रिकेटने ही सोय फार पूर्वी करून ठेवली. बापू नाडकर्णींनी 1964 मध्ये मद्रास कसोटीत 32 पैकी 27 षटके निर्धाव टाकली आणि 5 धावा दिल्या. बळी एकही मिळाला नाही, तरी ती कामगिरी धावफलकावर जशीच्या तशी उमटली आणि आजही सांगितली जाते.

ज्याला गोल जमत नाहीत तोच धावपळ करून जागा टिकवतो, असा एक समज असतो. ओकाझाकीच्या बाबतीत तो टिकत नाही. ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुकाचा हा मुलगा 2005 मध्ये शिमिझू एस-पल्स संघातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला. उंची बेताची, वेगही बेताचा. पुढे 2014 मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच त्याने स्वतःच्या मंद पायांचा जयजयकार केला. पण चेंडू कुठे येऊन पडणार याचा त्याचा अंदाज सहसा चुकत नसे आणि तिथे डोके घालायला तो कचरत नसे. जमिनीलगत झेपावून मारलेला हेडर ही त्याची ओळख झाली. जून 2009 मध्ये ताश्कंदला उझबेकिस्तानविरुद्ध त्याच्याच एकमेव गोलाने जपानचे 2010 च्या विश्वचषकातले स्थान पक्के केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने आठवड्याभरात हाँगकाँग आणि टोगोविरुद्ध दोन हॅटट्रिक केल्या. जपानकडून 119 सामन्यांत त्याचे 50 गोल आहेत; कुनिशिगे कामामोतो आणि काझुयोशी मिउरा हे दोघेच त्याच्या पुढे. जर्मनीत माइन्झकडून खेळताना त्याने 2013-14 च्या बुंडेसलिगा हंगामात 15 आणि पुढच्या हंगामात 12 गोल केले. ऐन मोक्याला गोल करणारा माणूस आपल्याकडे नाही, ही जपानी फुटबॉलची वर्षानुवर्षांची तक्रार. त्या देशातून आलेला, गोल करण्यात मुरलेला हा खेळाडू लेस्टरला गेला आणि त्याने वेगळे काम अंगावर घेतले.

ते काम नेमके कोणते, हे पाहायला हवे. प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरींचा लेस्टर चेंडू फार वेळ पायात ठेवणारा संघ नव्हता. चौघांच्या दोन फळ्या मागे दाटीने उभ्या राहायच्या, चेंडू हिसकावायचा आणि तो थेट व्हार्डीच्या धावेत टाकायचा, ही त्यांची रीत. त्यासाठी व्हार्डी पुढे आणि ताजातवाना हवा. म्हणजे दुसऱ्या फॉरवर्डने दोघांची पायपीट करायची. समोरच्या बचावपटूच्या पायात चेंडू आला की त्याच्यावर धावून जायचे, पण सरळ रेषेत नव्हे. मधल्या फळीकडे जाणारा पास आपल्या अंगानेच अडेल अशा बेताने वाकडे धावायचे. बचावपटू मग घाईत लांब तरी मारतो किंवा बाजूला तरी देतो, आणि तिथे मधल्या फळीतला एन्गोलो कान्ते टपलेला असतो. चेंडू कान्तेने हिसकावला असे नोंदले जाते. बचावपटूला त्या कोपऱ्यात कुणी ढकलले, याची नोंद होत नाही. दोघांची पायपीट करणारा माणूस नव्वद मिनिटे पुरणार नाही, हे रानिएरींना ठाऊक होते. म्हणून ओकाझाकीला बाहेर घेणे ही शिक्षा नव्हती, तो मांडणीचाच भाग होता. मार्च-एप्रिल 2016 मध्ये लेस्टरने सलग चार सामने 1-0 असे जिंकले. असे सामने एका गोलावर तोलून धरायचे तर आघाडीच्या खेळाडूनेही बचावाचा भार उचलावा लागतो. त्यांपैकी न्यूकॅसलविरुद्धचा तो एक गोल ओकाझाकीच्याच सायकल किकचा होता.

ही सगळी विजेत्यांच्या पाठीवर उशिरा मारलेली थाप आहे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर पुढच्या हंगामात मिळते. लेस्टरने इस्लाम स्लिमानीसारखे नवे, महागडे फॉरवर्ड आणले आणि ओकाझाकी अनेकदा बाकावर बसू लागला. फेब्रुवारी 2017 मध्ये विजेता संघ तळाच्या तिघांच्या जेमतेम वर होता. त्या वर्षात लीगमध्ये त्यांचा एकही गोल झालेला नव्हता. रानिएरींची हकालपट्टी झाली. त्यांच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपियर यांनी पहिल्याच सामन्यात व्हार्डी-ओकाझाकी ही जुनी जोडी उतरवली आणि लिव्हरपूलला 3-1 हरवले. त्यात व्हार्डीचे दोन गोल होते. लेस्टरने लीगमधले सलग पाच सामने जिंकले. आता, कान्ते चेल्सीला गेला होता, त्यामुळे घसरण केवळ ओकाझाकी नसल्याने झाली असे म्हणणे खोटे ठरेल. नवा प्रशिक्षक आला की संघ काही काळ उसळतो, हेही खरे. पण कान्ते परत आलेला नव्हता, तरीही व्हार्डीला पुन्हा गोल सापडले, हे विसरून चालणार नाही.

मला जास्त खटकते ती ओकाझाकीच्या चाहत्यांनीच केलेली स्तुती. ‘मेहनती’, ‘न थकणारा’, ‘निःस्वार्थी’: जपानी किंवा कोरियन खेळाडूला युरोपात ही विशेषणे इतक्या सहज चिकटवली जातात की ती कौतुकाची वाटतात आणि खेळाडूचे डोके मात्र हिशेबातून गळते. कधी धावायचे, कुठल्या कोनातून, कोणता पास मोकळा सोडून कोणता बंद करायचा, हे निर्णय अर्ध्या क्षणात घ्यावे लागतात. त्याला घाम म्हणणे म्हणजे बुद्धिबळपटूच्या बोटांचे कौतुक करण्यासारखे आहे. 2018 च्या विश्वचषकात सेनेगलविरुद्ध जपानच्या होंडाने 2-2 बरोबरी साधली, तेव्हा उंचावरून आलेल्या चेंडूवर गोलरक्षकाच्या अंगावर झेपावून त्याला गोंधळात पाडणारा ओकाझाकी होता. ती जागा त्याने दमछाक करून मिळवलेली नव्हती, आधी ओळखलेली होती.

सर्वांत अवघड आक्षेप खुद्द ओकाझाकीकडून येतो. त्याला हे काम पुरेसे वाटत नव्हते. आपण स्ट्रायकर आहोत, आपल्याला गोल करायचे आहेत, हे त्याने लेस्टरमध्ये असतानाही लपवले नाही. मग आपण बाहेरून या कामाचा गौरव करणे म्हणजे त्याची इच्छा डावलणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. त्याची नाराजीच सांगते की हे काम त्याला आपसूक येत नव्हते; स्वतःचे गोल बाजूला ठेवून तो ते करत होता. 2018-19 च्या लीगमध्ये एकही गोल न करता तो लेस्टरमधून बाहेर पडला. स्पेनच्या मालागाने त्याला घेतले, पण पगाराच्या मर्यादेमुळे त्याची नोंदणीच होऊ शकली नाही. मग तो दुसऱ्या श्रेणीतल्या उएस्का संघाकडे गेला. तेव्हा त्याने तिशी केव्हाच ओलांडली होती. तिथे व्हार्डीसाठी वाट मोकळी करायची नव्हती, गोलासमोर उभे राहायचे होते. त्या हंगामात त्याने लीगमध्ये 12 गोल केले आणि उएस्का विजेता होऊन ला लिगात गेला.