खाणपट्टा, ग्रामसभा आणि भागीदारी

खाणकंपन्या आणि आदिवासी समाज यांच्यातील भागीदारीची भाषा आता खाण उद्योगात रुळली आहे. जबलपूर विभागात मात्र ही भागीदारी कितपत खरी ठरेल, हे कंपनीच्या सद्भावनेपेक्षा दोन बाबींवर अवलंबून आहे. खाण कोणत्या जिल्ह्यात आहे, ही पहिली बाब. तेथील खनिज सरकार दफ्तरी 'गौण' आहे की 'प्रमुख', ही दुसरी.

जबलपूर ही गोंडांच्या गढा राज्याची भूमी. तथापि आज जबलपूर जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारचे मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे संपूर्णपणे तिच्यात आहेत. बालाघाट, सिवनी व छिंदवाडा जिल्ह्यांचा केवळ काही भाग आहे. परिणामी सिहोरा तहसिलीतील लोहखनिजाच्या पट्ट्यात राहणाऱ्या गोंड कुटुंबाला 'पेसा' कायद्याचे संरक्षण मिळत नाही, मंडल्यातील त्याच्या नातलगाला मिळते.

१९९६ च्या या कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. प्रमुख खनिजांसाठी तशी अट नाही. तेथे भूसंपादनापूर्वी विचारविनिमय एवढेच बंधन आहे. मंडल्यात डोलोमाइटच्या खाणी आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ३१ खनिजे गौण ठरविली, त्यांत डोलोमाइटही होते. एका अधिसूचनेने मंडल्यातील ग्रामसभांच्या हाती वाटाघाटीचे साधन आले. गावाने ते लढून मिळविले नव्हते, कंपनीनेही देऊ केले नव्हते. अर्थात जे अधिसूचनेने येते ते अधिसूचनेनेच जाऊही शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बराइट, फेल्स्पार, अभ्रक व क्वार्ट्ज ही खनिजे पुन्हा प्रमुख गटात गेली. डोलोमाइट गौणच राहिले. मध्यप्रदेशाने पेसाचे नियम लागू केले तेही नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर तब्बल २६ वर्षांनी.

बालाघाट जिल्ह्यातील चित्र निराळे आहे. मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण आहे, तर भरवेली व उकवा येथे नागपुरात मुख्यालय असलेल्या 'मॉयल' कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. तांबे आणि मँगनीज ही दोन्ही प्रमुख खनिजे. येथे स्थानिकांच्या वाट्याला येतो तो रोजगार, कंपनीचा सामाजिक दायित्व निधी आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा. २०१५ च्या दुरुस्तीनुसार जुन्या पट्ट्यांचे धारक स्वामित्वधनाच्या ३० टक्के, तर लिलावातील नव्या पट्ट्यांचे धारक १० टक्के रक्कम या प्रतिष्ठानला देतात. २०११ साली लोकसभेत मांडलेल्या विधेयकात कोळसा कंपन्यांकडून नफ्याच्या २६ टक्के आणि इतर खाणींकडून स्वामित्वधनाइतकी रक्कम घेण्याचा प्रस्ताव होता. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. नफ्यातील वाट्याची कल्पना तेव्हापासून कायद्यात परतलेली नाही.

महाराष्ट्रात गडचिरोलीच्या सुरजागड येथे लोहखनिज काढणाऱ्या लॉइड्स मेटल्सने स्थानिक आदिवासी कामगारांनाही समभाग दिले. हे पाऊल लक्षणीय आहे. परंतु समभाग मिळतो तो कामगाराला. ज्या गावाच्या डोंगरावर खाण आहे त्या गावातील नोकरी नसलेला शेतकरी, तेंदूपाने गोळा करणारी स्त्री यांना त्यातून मालकीही मिळत नाही आणि मतही. ऑस्ट्रेलियात १९९३ च्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या समूहांना खाणकामापूर्वी वाटाघाटीचा हक्क मिळाला. नकाराधिकार तेथेही नाही. पण करार होतो तो समूहाशी.

ओडिशातील नियमगिरी येथे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १२ ग्रामसभांना विचारले गेले आणि बाराही जणींनी नकार दिला. तेथे आधार वनहक्क कायद्याचा होता. हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नसल्याने सिहोऱ्यासारख्या भागातही, वनजमिनीचा प्रश्न असेल तेथे, तो लागू होतो.  मंडल्याच्या बाबतीत मुद्दा अधिक बारीक आहे. पेसाच्या कलमात 'शिफारस' हा शब्द आहे, 'संमती' हा नाही. ग्रामसभेची शिफारस प्रतिकूल असेल तर पट्टा थांबतो की केवळ फाईलला एक कागद जोडला जातो, यावर पुढील प्रत्येक करारातील गावाचे वजन ठरणार आहे.