जीएसटीची नोटीस: "आमचे सीए बघतील" एवढ्यावर भागत नाही



प्रत्येक बॅचमध्ये मी एक प्रश्न विचारतो. "तुमच्या जीएसटी नोंदणीला मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा दिलाय?" बरेच जण एकमेकांकडे बघायला लागतात. मग कुणीतरी म्हणतं, "ते सगळं आमचे सीए बघतात सर."

या उत्तराची मला आता भीती वाटते. का, ते सांगतो.

फरसाणाचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. रिटर्न दर महिन्याला वेळेवर भरलेलं. भरणारा ओळखीतला, नोंदणीला नंबर आणि ईमेलही त्याचाच. एका महिन्यात जीएसटीआर-१ मध्ये विक्रीच्या रकमेत एक शून्य जास्त पडलं. ३बी मध्ये टॅक्स मात्र बरोबर भरला होता. दोन आकडे जुळेनात म्हणून विभागाने नोटीस काढली. ती पोर्टलवर पडून राहिली. उत्तर गेलं नाही, सुनावणीला कुणी गेलं नाही, शेवटी एकतर्फी ऑर्डर झाली. ताईंना हे कधी कळलं? बँक खातं अडकवल्यावर!

अपिलाची मुदत ऑर्डर मिळाल्यापासून ३ महिने असते. ती संपली होती. सबळ कारण दाखवलं तर अपील अधिकारी आणखी १ महिना देऊ शकतात, त्यापुढे त्यांच्याही हातात काही नसतं. त्या उरलेल्या महिन्यात एका कर वकिलाने अपील दाखल केलं. त्यासाठी वादातल्या टॅक्सच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागली, तेव्हा बाकीची वसुली थांबली. विक्रीचं रजिस्टर आणि एक साधं पत्र वेळेत गेलं असतं तर हे प्रकरण बहुधा पहिल्याच पायरीवर मिटलं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तज्ज्ञाची मदत घ्यायचीच, पण ती नोटीस आल्यावर लगेच. ऑर्डर झाल्यावर तोच तज्ज्ञ महागात पडतो, आणि त्याच्या हातात करण्यासारखंही कमी उरतं.

समजा, छाननीची एएसएमटी-१० नोटीस आली. उत्तराला साधारण ३० दिवस मिळतात. खुलासा पटला तर विषय तिथेच संपतो. नाही पटला तर पुढची डीआरसी-०१ येते, आणि तिच्यात थेट पैशांची मागणी असते. चूक खरंच आपली असेल तर चांगला सल्लागार भांडायला सांगणार नाही, भरून मोकळे व्हा म्हणेल. २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी, फसवणुकीचा आरोप नसेल, तर नोटिशीपासून ६० दिवसांत टॅक्स आणि व्याज भरलं की दंड लागत नाही. हे वेळेत सांगणारा माणूस जवळ असणं म्हणजेच मदत.

आता माणूस कोणता? रिटर्न भरणं वेगळं आणि नोटिशीला उत्तर देणं वेगळं. तापाला गल्लीतला डॉक्टर चालतो, हाड मोडलं की हाडांच्या डॉक्टरकडेच जातो ना आपण? कायद्याने सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, वकील, जीएसटी प्रॅक्टिशनर यांपैकी कुणीही तुमच्या वतीने अधिकाऱ्यासमोर उभं राहू शकतं. पदवी बघाच, पण हे तीन प्रश्नही विचारा. अशा नोटिशींना याआधी उत्तरं दिलीत का? उत्तर, सुनावणी, अपील, प्रत्येक टप्प्याची फी किती? उत्तर पाठवण्याआधी मसुदा मला दाखवाल का?

आणि "साहेब ओळखीचे आहेत, रोख द्या, मिटवून टाकतो" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. टॅक्स भरायचा तो फक्त पोर्टलवरच्या चलनाने, कुणाच्या खात्यात नाही.

"सर, फी परवडत नाही," असंही बरेच जण म्हणतात. खरं आहे. २ हजारांच्या फरकासाठी १० हजार फी देण्यात शहाणपण नाही. तिथे तासाभराचा सल्ला घ्या, कागद जोडा आणि उत्तर स्वतः टाका. पण रक्कम मोठी असेल, जुन्या वर्षांचं प्रकरण असेल, किंवा नोटिशीत फसवणूक, माहिती लपवणं असे शब्द असतील, तर स्वतः प्रयोग करू नका.

एक गोष्ट मात्र फुकटात होते, ती आजच करा. पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. सर्व्हिसेस, मग युजर सर्व्हिसेस, मग व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स उघडून बघा. नंबर आणि ईमेल स्वतःचा करून घ्या. महिन्यातून दोनदा ही खिडकी उघडायची सवय लावा.

सल्लागार तुमच्या बाजूने बोलेल, लिहील, लढेल. पण ऑर्डरवर नाव तुमचं असतं आणि अडकतं ते खातंही तुमचंच. म्हणून काम त्याला द्या, किल्ली स्वतःकडे ठेवा.