विश्लेषण : फायबर आले, जुना राउटर टाकून द्यायचा का?

सोलापुरात टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट वापरणारी घरे आता फायबरकडे वळत आहेत. बीएसएनएलने २००५ मध्ये डीएसएल ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा २५६ केबीपीएसचा वेगही ‘ब्रॉडबँड’ ठरत असे. २०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे आणि फायबरच्या जोडण्या त्याच्या कितीतरी पुढे आहेत. जोडणी बदलताना ‘राउटर नवाच घ्यावा लागेल’ असे ग्राहकाला सर्रास सांगितले जाते. ते दरवेळी खरे नसते.

डब्यात नेमके काय असते?

घरोघरी ज्याला ‘मोडेम’ म्हणतात, त्या डीएसएलच्या डब्यात दोन यंत्रे असतात. टेलिफोनच्या तारेतील संकेत उलगडणारा मोडेम आणि तेच इंटरनेट वायफायने घरभर वाटणारा राउटर. फायबरमधून विजेऐवजी प्रकाश येतो, त्यामुळे यातला मोडेम निरुपयोगी ठरतो. त्याचे काम ओएनटी नावाचे यंत्र करते आणि ते घ्यावेच लागते. राउटरचा भाग मात्र शाबूत राहतो.

जुना राउटर चालेल, हे कसे ओळखायचे?

डब्याची मागची बाजू पाहावी. ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेले, बहुधा वेगळ्या रंगाचे इथरनेट पोर्ट असेल तर प्रश्नच मिटला. ओएनटीची केबल त्यात लावायची. कंपनीने युजरनेम-पासवर्ड दिला असेल आणि तो ओएनटीमध्येच भरलेला नसेल, तर राउटरमध्ये भरायचा.

तारेचे तोंड फक्त टेलिफोनच्या पिनेचे असेल, तरी डबा अगदीच वाया जात नाही. जुन्या पेठांमधील जाड भिंतींच्या घरांत ओएनटीचे वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. तिथे केबल ओढून ती जुन्या डब्याच्या लॅन पोर्टमध्ये लावता येते. त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन डब्याचा आयपी पत्ता बदलावा आणि डीएचसीपी बंद करावे. नाहीतर दोन्ही यंत्रे घरातल्या मोबाइलना पत्ते वाटू लागतात आणि इंटरनेट अडखळते.

नवा कधी घ्यावा?

जुन्या अनेक राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही आणि वायफाय केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ३०० एमबीपीएसचे पैसे भरून असा राउटर ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात. कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट देणे थांबवले असेल, तर सुरक्षेसाठीही तो बदललेला बरा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एका कंपनीचे ओएनटी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर सहसा चालत नाही, कारण त्याचा क्रमांक कंपनीकडे नोंदवलेला असतो. अनामत भरून घेतलेले असेल, तर जोडणी तोडताना ते परत करून पावती घ्यावी. अनामत परत मागताना तीच दाखवावी लागते.