ठेकेदार, सजावटकार आणि एक भिंत

घराची दुरुस्ती काढली आहे, असे प्राध्यापकांच्या खोलीत सांगणे म्हणजे परिसंवादाचे आमंत्रण देणे होय, हे आम्हांला गेल्या मार्चमध्ये कळले. पुण्यात कोथरूडला, 1986 साली बांधलेल्या तीन मजली इमारतीत मधल्या मजल्यावर आम्ही राहतो. न्हाणीघराच्या भिंतीला ओल, स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्याला तडे, विजेच्या तारा मूळच्याच, आणि खोल्यांच्या मानाने पुस्तके फार. काम काढणे भागच होते. प्रश्न एवढाच होता की, ते सोपवायचे कोणावर? काँट्रॅक्टरवर की इंटिरिअर डिझायनरवर? ‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ म्हणणाऱ्या आपल्या म्हणीने दुरुस्तीविषयी मौन पाळले आहे. सहकाऱ्यांनी ते पाळले नाही.

बहुतेकांचे उत्तर एकच होते : पैसे असतील तर डिझायनर, नसतील तर काँट्रॅक्टर. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याला वाङ्मयीन रूप दिले. डिझायनर म्हणजे फडके, काँट्रॅक्टर म्हणजे खांडेकर; एकाला कलेसाठी कला हवी, दुसऱ्याला जीवनासाठी. चहाबरोबर हे छान वाटले आणि आम्हीही हसलो. परंतु पुढच्या तीन महिन्यांत आमची खात्री झाली की, पैशाची ही विभागणी जितकी फसवी आहे, तितकीच कला-जीवनाचीही. फडके-खांडेकर वादाचे पुढे जे झाले तेच इथेही होते. दोन नावे समोरासमोर उभी केली की विचार करण्याची गरज संपते.

डिझायनर आधी आली. वयाने आमच्या विद्यार्थिनींएवढी. आम्ही रंग, प्रकाशयोजना, ‘थीम’ अशा शब्दांची तयारी ठेवली होती. (ते शब्द आलेच, पण नंतर.) पहिला तासभर तिने केवळ प्रश्न विचारले. सकाळी सर्वांत आधी कोण उठते? वृत्तपत्र कुठे बसून वाचता? उत्तरपत्रिका कुठे तपासता? आई रात्री उठतात तेव्हा दिवा लावतात का? आई लावत नाहीत. त्या भिंतीला हात लावत चालतात, कारण दिव्याचे बटण दाराच्या मागे आहे. चौदा वर्षे आम्ही हे पाहत होतो आणि आमच्या लक्षात आले नव्हते. मग तिने आमच्यापैकी एकीला ओट्यापाशी उभे करून जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजले आणि सांगितले, ‘मॅडम, तुमचा ओटा 32 इंचांचा आहे. तुम्हांला तो 35 इंच हवा. पाठ दुखते ना?’ पाठ दुखत होतीच. आम्ही तिचे खापर फळ्यावर फोडत होतो.

तेव्हा जीवनाविषयी प्रश्न विचारणारी व्यक्ती ती होती, जिला आमच्या सहकाऱ्यांनी कलावादी ठरवले होते.

काँट्रॅक्टर आला तो बसलाच नाही. न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर त्याने तळहात ठेवला, नखाने एक पोपडा काढला, वास घेतला आणि म्हणाला, ‘वरच्यांचं नाही सर, तुमचंच पाणी आहे. खालचा कोबा गेलाय.’ फरशा उखडल्यावर ते अक्षरशः खरे ठरले. गिलावा किती ब्रास, फरशी किती चौरस फूट, नळाचे काम किती, हे त्याने एका पाठकोऱ्या कागदावर दहा मिनिटांत मांडले. आम्ही कसे राहतो हे त्याने विचारले नाही. ‘तुम्ही सांगाल तसं करू’ हे त्याचे वाक्य. ऐकायला ते नम्र वाटते. त्याचा अर्थ असा की, काय सांगायचे याची जबाबदारी संपूर्णपणे तुमची.

आता भिंतीविषयी. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत काढावी, असे डिझायनरने सुचवले. उजेड येईल, स्वयंपाक करणारी व्यक्ती एकटी पडणार नाही. कारण पटण्याजोगे होते. काँट्रॅक्टरला विचारले. ‘काढू की, दोन दिवसांचं काम.’ दोघांचे एकमत झाले याचा आम्हांला इतका आनंद झाला की, आम्ही सोसायटीकडे परवानगीचा अर्ज त्याच संध्याकाळी दिला. सचिवांनी तो परत केला. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र आणा, मग बोलू. आम्हांला तो लालफितीचा नमुना वाटला आणि आम्ही घरी येऊन सचिवांविषयी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

इंजिनिअर आले, त्यांनी भिंतीची जाडी मोजली. गिलाव्यासह 10 इंच. म्हणजे आत 9 इंचांची वीट. वरच्या आणि खालच्या मजल्यावर तीच भिंत त्याच रेषेत. आमची इमारत आर.सी.सी. सांगाड्याची नाही, भारवाही भिंतींची आहे. त्या भिंतीवर आमच्या डोक्यावरचा स्लॅब टेकला आहे, आणि तिच्यावरच वरच्या कुटुंबाची तशीच भिंत उभी आहे. सांगाड्याच्या इमारतीत खोल्यांमधली साडेचार इंची भिंत बहुधा केवळ पडद्याचे काम करते. आमची भिंत पडदा नव्हती. इंजिनिअरांचे शुल्क आमच्या नव्या नळांपेक्षा कमी होते.

डिझायनर किंवा काँट्रॅक्टर यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. तिने जगण्याकडे पाहिले, त्याने कामाकडे पाहिले. इमारतीकडे पाहणे हे दोघांपैकी कोणाचेच काम नव्हते, आणि आम्ही मात्र धरून चाललो होतो की ते कोणाचे तरी असणारच. ‘वास्तुविशारद’ या पदनामाला आपल्याकडे 1972 च्या कायद्याचे संरक्षण आहे. नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. इंटिरिअर डिझायनर या नावाला तसे संरक्षण नाही. उत्तम संस्थेतून शिकून आलेली व्यक्ती आणि काल पाटी लावलेली व्यक्ती, दोघांची पाटी सारखीच. काँट्रॅक्टरचेही तेच. म्हणून इमारत जुनी असेल तर ‘दोघांपैकी कोण?’ या प्रश्नाच्या आधी तिसऱ्या माणसाला बोलावणे आवश्यक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. आमच्या सोसायटीचा तो अहवाल सचिवांच्या कपाटात होता. दिवसभर पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्ही दोघांनी तो कधी मागितला नव्हता.

यानंतर पैशाचा मुद्दा, पण सहकाऱ्यांनी मांडला त्यापेक्षा वेगळ्या अर्थाने. किती पैसे लागतात यापेक्षा ते कोणत्या रीतीने आकारले जातात, हे पाहायला हवे. डिझायनरचे मानधन पुष्कळदा एकूण खर्चाच्या टक्केवारीत असते. फरशी महाग घेतली की सल्ला देणाऱ्याचे उत्पन्न वाढते. काँट्रॅक्टर मालासकट एकरकमी दर देतो. माल स्वस्त वापरला की त्याचे उरते. एकाचा मोह वरच्या दिशेने, दुसऱ्याचा खालच्या. आय.एस. 303 आणि आय.एस. 710 या दोन प्रतींच्या प्लायवूडवर एकदा सनमायका चढला की, कोणते कोणते हे आमच्यासारख्याला ओळखता येत नाही. पहिले कपाटाला चालते, मोरीखाली मात्र दुसरेच हवे. यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे ‘टर्नकी’ : आराखडा, माल, मजुरी, देखरेख सगळे एकाच ठिकाणी, तुम्ही फक्त किल्ली घ्या. सोय निर्विवाद आहे. पण प्रश्नपत्रिका काढणारा, ती सोडवणारा आणि उत्तरपत्रिका तपासणारा एकच असलेल्या परीक्षेला आपण परीक्षा म्हणत नाही.

आमचे मत असे झाले की, आराखडा करणारी व्यक्ती आणि काम करणारी व्यक्ती वेगळ्या असाव्यात, आणि त्या दोघांचा पैसा एकमेकांत गुंतलेला नसावा. नव्या कोऱ्या, रिकाम्या घरात डिझायनरचे पारडे जड राहील. नुसता रंग आणि गळती असेल तर चांगला काँट्रॅक्टर पुरे. आमच्यासारख्या जुन्या, भरलेल्या घरात मात्र दोघांना नेमून दोघांनाही अर्धेच काम द्यावे. डिझायनरला आम्ही ठरावीक रक्कम देऊ केली : मापांसह रेखाचित्रे आणि कामाच्या काळात पाच भेटी. तिने एक दिवस विचार करून होकार दिला; हे तिच्या नेहमीच्या रीतीत बसत नव्हते, हे तिने स्पष्टपणे सांगितले. काँट्रॅक्टरशी बाबवार दर ठरवले, महागाचा माल आम्ही स्वतः आणला, हप्ते कामाच्या टप्प्यांवर दिले, आणि दहा टक्के रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवली. शेवटच्या अटीवर तो हसला. ‘सर, पावसाची परीक्षा का?’ त्याने मान्य केले.

इतके करूनही ओटा 32 इंचांचाच झाला.

आम्ही परीक्षेच्या पर्यवेक्षणावरून परतलो तेव्हा ग्रॅनाइट बसवून झाले होते. रेखाचित्रात 35 लिहिले होते. ते रेखाचित्र काँट्रॅक्टरच्या फोनमध्ये होते, काँट्रॅक्टर दुसऱ्या साइटवर होता, आणि मिस्त्रीने आयुष्यभर जो ओटा बांधला तोच इथेही बांधला. त्याला रेखाचित्र दाखवले. त्याने ते निरखून पाहिले आणि विचारले, ‘ये किधर से देखना है?’ वरून पाहिलेला नकाशा आणि समोरून पाहिलेली उभी आकृती एकाच कागदावर होत्या, खुणा इंग्रजीत, मापे मिलिमीटरमध्ये. त्याच्या टेपवर तो इंच वाचत होता. संहिता निर्दोष होती, पण ज्याने ती वाचायची त्याच्यासाठी ती लिहिलेलीच नव्हती. हा अनुभव वर्गात आम्हांला दर सत्रात येतो. तरी आम्ही चकित झालो.

ओटा उखडून पुन्हा केला. खर्चाचे तीन भाग झाले, आणि तिसरा आमचा, कारण माप भिंतीवर लिहून ठेवायला आमचे कोणी हात धरले नव्हते. त्या रात्री डिझायनरला फोनवर घेऊन आम्ही प्रत्येक खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने देवनागरीत, इंचांत, मापे लिहिली : ओटा यहाँ तक. स्विच यहाँ. फळीची खोली 10 इंच, दोन आधारांत अडीच फुटांहून जास्त अंतर नाही, नाहीतर शब्दकोशांखाली ती वाकते. भिंतीत कोरायच्या जागेला डिझायनर ‘निश’ म्हणत होती. आम्ही ‘कोनाडा’ लिहिले आणि राजस्थानातून आलेल्या सुताराने ‘आला’ म्हणत तो बरोबर त्याच जागी केला. यापुढे माप चुकले नाही.

न्हाणीघराचा जुना कोबा काढून नवा केल्यावर 48 तास पाणी भरून ठेवले होते. खालच्या घराच्या छताला तेव्हा काही दिसले नाही. आज हे लिहिताना श्रावण लागला आहे. दहा टक्के रक्कम आमच्याकडेच आहे. स्वयंपाकघराची भिंत जागेवर आहे. डिझायनरने तिच्यात इंजिनिअरांना विचारून, वर लिंटेल घालून, एक लहानशी खिडकी तेवढी केली, तिच्यातून बैठकीत चहा देता येतो. आईंच्या पलंगाशेजारी बटण बसले आहे. त्या अजूनही दिवा न लावता भिंतीला हात लावूनच जातात. विचारले तर म्हणाल्या, ‘आता सवय झालीये रे.’