मराठी शब्द अख्खाच निवडला गेला पाहिजे

शाळांसाठीच्या एका ॲपचा मराठी मजकूर मी कोड एडिटरमध्ये सांभाळते. शब्दावर डबल-क्लिक करून तो बदलण्यासाठी एक एक्स्टेन्शन वापरते. इंग्रजी शब्द त्यात नीट निवडले जात. ‘विद्यार्थी’वर क्लिक केले की मात्र फक्त ‘व’ निवडला जाई. त्या जागी ‘बालक’ लिहिले, तर पडद्यावर ‘बालकिद्यार्थी’ उमटे.

कारण एक्स्टेन्शनच्या कोडमधल्या एका ओळीत होते. ‘शब्द म्हणजे कोणत्याही लिपीतील सलग अक्षरे’ असा नियम तिथे लिहिलेला होता. युनिकोडच्या हिशेबात ‘विद्यार्थी’मध्ये दहा संकेतांक आहेत: पाच अक्षरे आणि पाच चिन्हे. वेलांटी, काना, हलन्त ही सारी चिन्हे. त्यामुळे पहिल्या वेलांटीपाशीच निवड थांबे. अनेक एक्स्टेन्शन्स तर जावास्क्रिप्टमधील जुना नियम वापरतात. त्यात इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेखा मिळून केवळ 63 वर्ण बसतात. देवनागरीचा एकही नाही.

मी नियमात चिन्हांचा वर्ग घातला. जुन्या फाइलींतल्या ‘दुसर्‍या’सारख्या शब्दांत र आणि य यांच्यामध्ये न दिसणारा जोडवर्ण असतो, त्यालाही जागा दिली. दुरुस्ती तेवढ्याने झाली.

कोड इंग्रजीतच लिहितात, मग मराठीची एवढी काळजी कशाला, असे सहकारी विचारतात. पण प्रवेशअर्जावरची सूचना, शेतकऱ्याच्या फोनवर येणारा संदेश, बँकेच्या ॲपमधले बटण, हे सारे कोणाच्या तरी एडिटरमधूनच जाते. तिथे तुटलेला शब्द वाचणाऱ्यापर्यंत तुटकाच पोहोचतो, आणि त्याला वाटते की मराठी लिहिणाऱ्यालाच येत नाही.

देवनागरी 1991 पासून युनिकोडमध्ये आहे. अक्षर आणि चिन्ह वेगळे ओळखण्याची सोय जावास्क्रिप्टच्या 2018च्या मानकात आली. साधने हाताशी आहेत. कमी आहे ती चाचण्यांमध्ये मराठी शब्दांची. पुण्यात बसून आपण जगभरासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि तपासतो मात्र इंग्रजी शब्दांवर. हे थांबले पाहिजे. मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या चाचण्यांत ‘विद्यार्थी’, ‘क्षत्रिय’, ‘दुसर्‍या’ हे शब्द असावेत आणि त्यांवर अडखळणारा कोड मंजूर होऊ नये. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी स्ट्रिंग शिकवताना फळ्यावर एक मराठी शब्दही यावा. ही मागणी आपणच करायला हवी, कारण शब्द कुठे तुटला हे आपल्यालाच दिसते.