हातमोज्यांआडचे हात

फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावावे की लावू नये, यावरून सप्टेंबर २०२५मध्ये देशभर वादंग माजले. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबरला मनाई करणारे पत्र काढले आणि लगेचच ते मागेही घेतले. एका अक्षराच्या या उपाधीवर दोन्ही बाजूंनी भरपूर शाई आणि त्याहून अधिक संताप खर्च झाला. ज्या हातांच्या भरवशावर हा सारा व्यवसाय उभा आहे, ते हात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना कोठे आणि कशाने धुतले जातात, हे मात्र त्या गदारोळात कोणी विचारले नाही.

वस्तुतः तो प्रश्न अगदी मूलभूत आहे. १९५२च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली आणि १९५३मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. तेव्हापासून आजवर यंत्रे कितीही आली, तरी या उपचाराचे मुख्य साधन हातच राहिले आहे. डॉक्टरांचा स्पर्श नाडीपुरता किंवा पोट तपासण्यापुरता असतो. भौतिकोपचार तज्ज्ञ रुग्णाच्या उघड्या मानेवर, पाठीवर वा गुडघ्यावर वीस-पंचवीस मिनिटे हात ठेवून काम करतो. दोन पडद्यांमधल्या खाटांवर तीन रुग्ण झोपलेले आणि एकच जण आळीपाळीने तिघांकडे फिरतो आहे, हे शहरांतील कोणत्याही गल्लीतल्या दवाखान्याचे नेहमीचे चित्र. त्याच्या हातांबरोबर शेकपिशवीवरचे टॉवेल, विद्युत उपचारांचे ओले स्पंज, अल्ट्रासाउंडच्या जेलची बाटली आणि मेणाचे भांडेही एकाकडून दुसऱ्याकडे जात असते. यांपैकी जेलची बाटली सर्वांत निरुपद्रवी दिसते. परंतु अमेरिकेत २०२१मध्ये बर्कहोल्डेरिया या जिवाणूने दूषित झालेल्या जेलमुळे रुग्णांना संसर्ग झाला आणि तेथील औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.

कोविडच्या साथीने या चित्रात निळ्या हातमोज्यांची भर घातली. साथ ओसरली, तरी हातमोजे अनेक ठिकाणी टिकले आणि त्यांच्याबरोबर एक गोड गैरसमजही टिकला. हातमोजे घातले म्हणजे स्वच्छता साधली, असे रुग्णाला वाटते, आणि घालणाऱ्यालाही. मग त्याच हातमोज्यांनी पडदा सरकवला जातो, मोबाइल उचलला जातो, फीच्या नोटा मोजल्या जातात, आणि तेच पुढच्या रुग्णाच्या खांद्यावर टेकतात. उघड्या हाताला तेल लागले, घाम लागला, तर तो चिकट होतो आणि धुवावासा वाटतो. हातमोज्यांत ती जाणीवच उरत नाही. घालणाऱ्याची त्वचा कोरडी राहते आणि मळ वाहून नेण्याचे काम बाहेरच्या बाजूने निर्वेध चालू राहते.

जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत निःसंदिग्ध आहेत. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त वा शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तू हाताळल्यानंतर, अशा पाच वेळी हात स्वच्छ झालेच पाहिजेत. हातमोजे या पाचांपैकी एकाही वेळेला पर्याय ठरत नाहीत. त्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात आणि ते काढताना हात पुन्हा दूषित होतात. म्हणून घालण्यापूर्वीही हात स्वच्छ हवेत आणि काढल्यावरही.

गंमत अशी की, शस्त्रक्रियेतील रबरी हातमोजे जन्माला आले ते रुग्णासाठी नव्हेच. १८८९-९०च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्पटन या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघत. त्यांच्यासाठी शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. पुढे दोघांचा विवाह झाला, आणि हातमोज्यांनी रुग्णालाही लाभ होतो हे ध्यानात यायला आणखी काही वर्षे गेली.

मग भौतिकोपचारात हातमोजे हवेत कोठे? जेथे रक्त, कफ, लघवी, जखमेतील स्राव किंवा तोंडाच्या आतील नाजूक त्वचा यांच्याशी संबंध येतो, तेथे ते अनिवार्यच. अतिदक्षता विभागात नळीतून कफ ओढून काढणे, भाजलेल्या रुग्णाचा सांधा हलवणे, स्नायूत कोरडी सुई टोचणे, जबड्याच्या विकारात तोंडात बोट घालून उपचार करणे, प्रसूतीनंतर ओटीपोटाच्या स्नायूंची आतून तपासणी करणे, ही त्याची उदाहरणे. उपचार करणाऱ्याच्या बोटाला चीर असेल, तर ती आधी झाकायला हवी. मात्र रुग्णाची त्वचा धड असेल आणि तज्ज्ञाचीही, तर मान, कंबर वा पोटरीवर काम करताना हातमोज्यांची गरज नसते. तेथे ते अडसरच ठरतात. स्नायूतला ताठरपणा, सांध्याची ऊब, सुजेचा फुगवटा हे सारे बोटांना कळावे लागते, आणि ज्याला त्याची सवय आहे त्याला रबराच्या पातळ पदराचाही व्यत्यय होतो.

सर्वाधिक जोखमीचा प्रसंग घरात घडतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण काही दिवसांतच घरी येतो, तेव्हा गुडघ्यावर टाके असतात. गुडघा वाकवून घेण्यासाठी येणारा तज्ज्ञ सकाळपासून चार घरे, दोन रिक्षा आणि एक लोकल करून आलेला असतो. त्याने पट्टीला हात लावण्यापूर्वी हात धुतले नाहीत, तर पणाला लागतो तो नुकताच बसवलेला सांधा. कृत्रिम सांध्यात संसर्ग शिरला की नुसत्या गोळ्यांनी क्वचितच भागते; अनेकदा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, प्रसंगी बसवलेला सांधा काढावा लागतो. पण आपल्याकडे पाहुण्याने आल्याआल्या मोरी विचारणे थोडे अवघड मानले जाते आणि यजमान तर पाण्याआधी चहाचा कप पुढे करतो.

धड दिसणारी त्वचाही नेहमी धड असतेच असे नाही. गेल्या दशकभरात भारतात गजकर्णाने चिवट रूप घेतले आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या या बुरशीची २०२०मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली आणि तिच्या ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ या नावात भारताचाच उल्लेख आहे. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या स्टिरॉइडयुक्त मलमांनी चट्ट्याचे रूप पालटते, खाज दबते आणि रुग्णाला वाटते बरे झाले. कंबरदुखीसाठी पालथा झोपलेला हा रुग्ण कमरेवरच्या डागाबद्दल आपण होऊन काही सांगत नाही. अशा वेळी डाग ओळखून तो भाग टाळणे, हातमोजे घालणे, चादर व टॉवेल त्याच क्षणी बाजूला काढणे आणि नंतर साबणाने हात धुणे, एवढे तरी व्हायलाच हवे.

साबणावर भर देण्याचे कारण आहे. अल्कोहोलयुक्त द्रावणाची बाटली आता प्रत्येक टेबलावर असते आणि कोरड्या, वरून स्वच्छ दिसणाऱ्या हातांसाठी ती वीस-तीस सेकंदांत उत्तम काम करते. परंतु मर्दनाचे तेल, मलम वा जेल लागलेल्या हातांवर तिचा भरवसा धरता येत नाही. तेथे वाहते पाणी, साबण आणि चाळीस ते साठ सेकंद हवेत. म्हणजे ज्या व्यवसायात हात दिवसभर तेलकट असतात, त्यालाच बेसिनची सर्वाधिक गरज आहे. लॅटेक्सचे हातमोजेही खनिज तेलाने आणि पेट्रोलियम जेलीने कमकुवत होतात. तेथे नायट्राइलचे बरे. मनगटावरचे धागे, बांगड्या, अंगठी आणि घड्याळ यांच्याखाली साबण पोहोचत नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७मध्ये कोपरापासून खाली हात मोकळे ठेवण्याचा दंडक घातला, तो याचसाठी.

या प्रश्नाला एक सामाजिक बाजूही आहे. ज्या समाजात स्पर्शावरून माणसाची पायरी ठरवली गेली, तेथे हातमोजा हे केवळ रबर राहत नाही. दहा रुग्णांना उघड्या हातांनी आणि अकराव्याला हातमोज्यांनी उपचार झाले, तर अकराव्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रुग्ण एचआयव्हीबाधित आहे हे कळल्यावरच हातमोजे बाहेर काढणे तर शास्त्रालाही धरून नाही, कारण धड त्वचेच्या स्पर्शाने तो विषाणू पसरत नाही. २०१७च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावाला मनाई केली आणि जेथे संसर्गाचा धोका आहे तेथील कर्मचाऱ्यांना सार्वत्रिक खबरदारीची साधने व प्रशिक्षण देण्याचे बंधनही घातले. सार्वत्रिक म्हणजे कृती पाहून ठरणारी. रुग्णाचे तोंड पाहून नव्हे.

हे सारे पाहायचे कोणी, येथे गाडी अडते. राज्याचा १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे, आणि २०१०चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे दोन खोल्यांचा भौतिकोपचार दवाखाना दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे, २०२१च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदांचीही तरतूद केली. पण या यंत्रणेचा भर आजवर पात्रता आणि नोंदणी यांवर राहिला आहे. २०१६चे जैववैद्यकीय कचरा नियम मात्र या छोट्या दवाखान्यांनाही लागू आहेत. वापरलेले हातमोजे लाल पिशवीत जायला हवेत. ते पालिकेच्या सुक्या कचऱ्यात दिसतात, तेव्हा आत काय चालत असेल याचा अंदाज बाहेरूनच येतो.

हातमोजे कमी करूनही स्वच्छता राखता येते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयाने २०१८मध्ये अनावश्यक हातमोजे टाळण्याची मोहीम घेतली. वर्षभरात वापर सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि अंदाजे २१ टन प्लास्टिक वाचले. तेथील कर्मचाऱ्यांना हातमोजे केव्हा घालावेत याच्या जोडीने केव्हा घालू नयेत हेही शिकवले गेले. अर्थात, त्या रुग्णालयात खाटेपासून काही पावलांवर नळ असतो. मुंबई-पुण्यात चौरस फुटाच्या भावाने गाळा घेणारा तरुण पदवीधर आधी खाट मोजतो, मग यंत्र, आणि बेसिन इमारतीच्या सामाईक स्वच्छतागृहात सोडून देतो. उपचारांच्या खोलीत वाहत्या पाण्याची सोय असल्याखेरीज दवाखाना सुरू करता येणार नाही, एवढी एक अट परिषदेने घातली तर तिला प्रत्येक दवाखान्यात निरीक्षक धाडावा लागणार नाही. नोंदणीच्या नूतनीकरणावेळी नळाचे एक छायाचित्र मागितले तरी पुरे.